झोप नेमकी किती तास लागते? माणसागणिक एवढा फरक का पडतो?

रातकिडा

मंडळी, झोपेबद्दल कुठेही वाचायला घ्या, "रोज आठ तास" हा आकडा ठरलेला. तो आला कुठून आणि कुणाला लागू पडतो, हे मात्र कुणी धड सांगत नाही. शंका अशा:

आठ तास मोजायचे ते अंथरुणाला पाठ टेकल्यापासून की डोळा लागल्यापासून? मध्ये जाग आली तर तो वेळ धरायचा की वजा करायचा?

एकाच वयाची, एकाच घरात राहणारी दोन माणसं घ्या. एकाला सहा तास पुरतात, दुसऱ्याला साडेआठ मिळाले नाहीत तर दुपारी डोळे मिटायला लागतात. हा सवयीचा भाग की जन्मजात?

आणि मुख्य प्रश्न: स्वतःचा आकडा घरच्या घरी काढता येतो का? मनगटावरच्या पट्ट्या सांगतात तो खरा धरावा का?

"लवकर निजे, लवकर उठे" सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं, कारणांसकट, कुणी लिहिलं तर बरं होईल.

सुप्तिका

पहिली शंका लगेच मिटते. शिफारशींमधले तास प्रत्यक्ष झोपेचे असतात, अंथरुणातले नव्हेत. रात्री ११ ला दिवा मालवला, २० मिनिटांनी डोळा लागला, मध्ये दोन-तीनदा मिळून २५ मिनिटं जाग होती आणि सकाळी ७ ला उठलात, तर अंथरुणात ४८० मिनिटं आणि झोप ४३५ मिनिटं, म्हणजे सव्वासात तास. ४३५ भागिले ४८० केलं की साधारण ९० टक्के येतात. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. ८५ च्या वर असेल तर ठीक. १०० टक्के कुणाचीच नसते. रोजच्या रोज ९५ च्या वर जात असेल तर खूश होऊ नका, बहुतेक वेळा ते झोप कमी पडत असल्याचं लक्षण असतं.

"मी सात तास झोपतो" असं म्हणणारा माणूस सहसा अंथरुणातला वेळ सांगत असतो. त्यामुळे दोन माणसांच्या तासांची तुलना करायची तर आधी दोघांनी काय मोजलंय ते विचारा. तुमच्या उदाहरणातला अडीच तासांचा फरक कदाचित इथेच थोडा आटेल.

आता आठचा आकडा. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली वयानुसार तक्ता दिला: नवजात बाळांना १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना १२ ते १५, एक-दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४, ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३, ६ ते १३ वयाला ९ ते ११, १४ ते १७ ला ८ ते १०, प्रौढांना ७ ते ९ आणि ६५ च्या पुढे ७ ते ८. प्रौढांचा ७ ते ९ चा पट्टा घेतला की मधोमध आठ येतो, एवढंच त्या आठचं महत्त्व. त्याच तक्त्यात एक बाहेरचा पट्टाही आहे, तो फारसा कुणी छापत नाही: २६ ते ६४ वयाच्या काही माणसांना ६ किंवा १० तासही योग्य असू शकतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे तज्ज्ञांनाही चार तासांचा फरक मान्य आहे. तो का पडतो, हे काळकाटा चांगलं सांगतील.

काळकाटा

सांगतो, थोडं लांबेल.

झोप दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळून ठरवतात. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली हे मांडलं आणि आजही बहुतेक विचार याच चौकटीत होतो. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. जागे असताना तो चढत जातो, झोपलं की उतरतो. मेंदूतल्या पेशी काम करतात तसं ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि जागं ठेवणाऱ्या केंद्रांचा जोर कमी करतं. कॅफीन हा दाब कमी करत नाही, फक्त ॲडेनोसिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा अडवून धरतं. दाब मागे तसाच साठत राहतो, म्हणून असर उतरल्यावर एकदम गळाल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, एक लहानसं केंद्र असतं. त्याचा फेरा माणसात सरासरी २४ तासांहून किंचित मोठा, साधारण २४ तास १० मिनिटांचा असतो. रोज सकाळच्या उजेडाने तो २४ वर आणला जातो. हे घड्याळ किती वाजता झोपायचं ते सांगतंच, पण आणखी एक महत्त्वाचं काम करतं: संध्याकाळी दाब बराच चढलेला असतानाही ते जागं राहण्याचा जोर लावतं. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास तर हा जोर सर्वांत जास्त असतो. नेहमी १२ ला झोपणारा माणूस "आज लवकर झोपू" म्हणून १० ला आडवा झाला की कूस बदलत पडतो, ते यामुळे. त्याला वाटतं आपल्याला निद्रानाश आहे. नसतो. चुकीच्या वेळी प्रयत्न केला, इतकंच.

आता माणसामाणसात फरक कुठे पडतो? या दोन्ही ठिकाणी. कुणाचा दाब भराभर चढतो, कुणाचा सावकाश. कुणाच्या गाढ झोपेत तो लवकर उतरतो. घड्याळाचा फेरा कुणाचा थोडा मोठा, कुणाचा लहान. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की झोपेच्या कालावधीतल्या फरकाचा बऱ्यापैकी भाग आनुवंशिक असतो, पण सगळा नाही. बाकीचा वय, आजार, औषधं, उजेड, कामाच्या वेळा यांतून येतो.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती काढून टाकू. किती तास लागतात आणि कुठल्या वेळी लागतात, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. रात्री २ ला झोपून ७ ला गजरावर उठणारा "मला पाच तास पुरतात" म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याची गरज आठ तासांचीच असते, फक्त त्याचं घड्याळ उशिराचं असतं आणि पुढचे तीन तास गजर कापतो. आणि कापले जातात ते ठरावीक तास. झोपेचे फेरे साधारण दीड तासाचे असतात, पण सगळे सारखे नसतात: गाढ झोप बहुतेक पहिल्या अर्ध्या रात्रीत उरकते, स्वप्नांची रेम झोप पहाटेकडे दाटते. म्हणून रात्रीच्या शेवटचे दोन तास छाटले की एकूण झोप पाव भागाने कमी होते, पण रेम त्याहून बरीच जास्त जाते.

शंकेखोर

ते सगळं ठीक. पण असे कितीतरी लोक दिसतात जे वर्षानुवर्षं सहा तास झोपतात आणि तक्रार नाही. ते काय सगळे खोटं बोलतात? शरीराला सवय होतेच की.

निद्रामापक

खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

२००३ साली व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना १४ रात्री प्रयोगशाळेत ठेवलं. कुणाला अंथरुणात चार तास, कुणाला सहा, कुणाला आठ. रोज सावधानतेची चाचणी: पडद्यावर २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण उमटते, दिसली की बटण दाबायचं, दहा मिनिटं हेच. प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर ती चूक धरतात. आठ तासवाले जवळजवळ होते तिथेच राहिले. सहा आणि चार तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या आणि दोन आठवड्यांनंतरही वाढायच्या थांबल्या नव्हत्या. शेवटी त्यांची घसरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी भरली. आता यातली खरी मेख बघा: "तुम्हाला किती झोप येतेय" असं विचारल्यावर त्यांनी दिलेले आकडे पहिल्या काही दिवसांत चढले आणि मग जवळपास सपाट झाले. म्हणजे सवय होते ती पेंगुळल्यासारखं वाटण्याची. कामगिरी त्या सवयीला जुमानत नाही.

म्हणून "मला काही होत नाही" ही साक्ष इथे ग्राह्य धरता येत नाही. दारू प्यायलेल्याला आपण नीट गाडी चालवतोय असं वाटतं, तशातली गत.

खरे कमी झोपणारे असतात, पण फार थोडे. २००९ मध्ये डेक-२ नावाच्या जनुकात बदल असलेलं एक कुटुंब सापडलं, त्यातल्या बदल असलेल्या व्यक्ती सरासरी सव्वासहा तास झोपत आणि ठणठणीत असत. २०१९ मध्ये एडीआरबी-१ या आणखी एका जनुकातला असाच बदल सापडला. हे बदल लाखात मोजक्या लोकांमध्ये असतात. तुम्ही त्यांतले आहात का, हे ओळखायच्या खुणा अशा: लहानपणापासून झोप कमी, गजराशिवाय आपोआप जाग, सुट्टीच्या दिवशीही तेवढेच तास, दिवसभर चहा-कॉफीचा टेकू नाही, आणि प्रवासात किंवा कंटाळवाण्या बैठकीत डुलकी नाही. यातली एक जरी खूण चुकली, त्यातही सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास जास्त झोप होत असेल, तर तुम्ही कमी झोपणारे नाही, कमी झोप मिळणारे आहात.

शंकेखोरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी. कमी झोपेचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. तेवढ्याच जागरणानंतर काही जण चाचणीत फारसे घसरत नाहीत, काही कोसळतात, आणि पुन्हा तपासलं की तीच माणसं तशीच वागतात. पण फटका सोसता येणं आणि गरज कमी असणं एक नव्हे. सावधानता टिकली म्हणून साखरेवरचं नियंत्रण टिकतंच असं नाही. १९९९ साली तरुण, निरोगी माणसांना सहा रात्री चार-चार तास झोपवून बघितलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता मोजण्याइतकी घसरली होती.

रातकिडा

हे पटलं. मग भावनेवर भरवसा नाही, मनगटावरच्या पट्टीवर ठेवावा का? नाहीतर आकडा काढायचा कसा?

सुप्तिका

पट्टीबद्दल आधी. ती हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधते. निपचित पडून जागं असलात तर त्याला झोप समजते, म्हणून एकूण झोप सहसा जास्त दाखवते. गाढ किती, रेम किती, हे तिचे तपशील तर सोडूनच द्या. ते खात्रीने कळायला डोक्यावर, डोळ्यांशेजारी आणि हनुवटीवर तारा चिकटवून नोंद घ्यावी लागते. पट्टीचा उपयोग एकच: रोज किती वाजता आडवे झालात आणि किती वाजता उठलात याचा कल दिसतो. तेवढं काम वहीसुद्धा करते.

गजर टाळता येईल असे निदान दोन, शक्यतो तीन आठवडे मिळत असतील तर:

रोज एकाच वेळी झोपा. ही वेळ म्हणजे तुम्हाला सध्या आपोआप झोप येते ती, आदर्श वाटते ती नव्हे. गजर नाही. खोली पूर्ण अंधारी करा, नाहीतर पहाटेचा उजेड आकडा खाली ओढतो. कॅफीन दुपारी १२ नंतर बंद. ते शरीरातून अर्धं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना दुप्पट. ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपेच्या सहा तास आधी घेतलं तरी झोप तासाहून जास्त घटल्याचं मोजलं गेलंय, आणि घेणाऱ्यांना ते पुरतं जाणवलंही नव्हतं. या दिवसांत दारू नको. तिने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप तुकड्या-तुकड्यांत होते. दुपारची झोपही नको. वहीत सकाळी चार नोंदी: दिवा कधी मालवला, अंदाजे किती वेळाने डोळा लागला, मध्ये एकूण किती जाग, अंतिम जाग कधी. रात्री घड्याळ बघून नोंदी करायच्या नाहीत. घड्याळाकडे बघणं हे जागं राहण्याचं उत्तम साधन आहे.

पहिले चार ते सात दिवस तुम्ही नऊ-दहा तासही झोपाल. ते मोजू नका, ती थकबाकी वसूल होतेय. बहुतेक जण इथेच चुकतात: सुट्टीचे पहिले तीन दिवस बघून "मला दहा तास लागतात" असं ठरवून बसतात. नव्वदच्या दशकात थॉमस वेअर या संशोधकांनी माणसांना रोज १४ तास अंधारात ठेवून बघितलं. सुरुवातीला ती खूपच जास्त झोपली, काही आठवड्यांनी सरासरी आठ तासांच्या थोडं वर येऊन थांबली. तेव्हा शेवटच्या सात दिवसांची प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढा. तोच तुमचा आकडा, १५-२० मिनिटं इकडेतिकडे.

रातकिडा

तीन आठवडे गजराशिवाय! कुणाला परवडतं ते? रोज सहाला उठावंच लागतं अशा माणसाने काय करायचं?

सुप्तिका

मग उलटीकडून या. उठण्याची वेळ पक्की धरा, सुट्टीच्या दिवशीही. झोपायची वेळ दर चार-पाच दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. एकदम तासभर आणू नका, काळकाटांनी वर सांगितलेला संध्याकाळचा जोर आडवा येतो. एक वेळ अशी येईल की आठवड्यातले बहुतेक दिवस गजराच्या पाच-दहा मिनिटं आधी जाग येईल आणि दुपारी डोळे ओढणार नाहीत. तिथे थांबा. आणखी अलीकडे गेलात तर झोप लागायला अर्धा-पाऊण तास लागायला लागेल किंवा मध्यरात्री जाग वाढेल. ती खूण दिसली की १५ मिनिटं मागे या. या पद्धतीला महिना-दीड महिना लागतो, पण कामाधंद्यातून सुट्टी घ्यावी लागत नाही.

निद्रामापक

पडताळ्यासाठी दोन गोष्टी जोडतो.

एपवर्थ मापन, म्हणजे दिवसा किती झोप येते ते मोजणारी प्रश्नावली: आठ प्रसंग (बसून वाचताना, गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे), प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता ० ते ३. बेरीज २४ पैकी. १० च्या वर गेली तर काहीतरी कमी पडतंय किंवा बिघडलंय.

दुसरी चमच्याची चाचणी. दुपारी अंधाऱ्या खोलीत पलंगावर आडवं व्हायचं, हात कडेबाहेर सोडायचा, चिमटीत धातूचा चमचा आणि बरोबर खाली फरशीवर ताटली. वेळ बघून डोळे मिटायचे. डोळा लागला की चिमूट सुटते, चमचा ताटलीवर आदळतो, जाग येते, पुन्हा वेळ बघायची. पाचेक मिनिटांतच खणखणाट झाला तर झोपेची मोठी तूट आहे. १५ मिनिटं जाऊनही हातात असेल तर चिंता नाही. प्रयोगशाळेतल्या चाचणीत दिवसातून पाच वेळा, दोन-दोन तासांनी, २० मिनिटांची संधी देतात आणि सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली तर ती विकृती धरतात. चमचा ही त्याचीच ढोबळ आवृत्ती. चुकते कुठे? एकच दिवस केली तर काहीच सिद्ध होत नाही. कॅफीन पोटात असेल तर निकाल खोटा चांगला येतो. चमचा हलका असेल तर आवाजाने जागच येत नाही. आणि अस्वस्थ माणूस कितीही थकला असला तरी चमचा सोडत नाही, म्हणून निद्रानाशाच्या माणसावर ही चाचणी निरुपयोगी.

उशाशी

या शेवटच्या वाक्याला धरून एक इशारा, कारण वरचे उपाय वाचून नेमकी चुकीची माणसं ते करायला घेतील.

ज्यांना झोपायची संधी आहे पण झोप लागत नाही, त्यांनी गजर काढून अंथरुणातला वेळ वाढवू नये. नऊ तास पडून सहा तास झोप लागत असेल तर उरलेले तीन तास शरीर "अंथरूण म्हणजे तळमळ" एवढंच शिकतं. इथे उपाय उलटा असतो. आठवडाभराच्या वहीतून प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढायची, समजा सहा तास, आणि अंथरुणातला वेळ तेवढाच ठेवायचा. उठायची वेळ सहाची असेल तर १२ च्या आधी अंथरुणात जायचंच नाही. पाच तासांच्या खाली मात्र कधीही नाही. कार्यक्षमता आठवडाभर ८५ ते ९० च्या वर राहिली की १५ मिनिटं वाढवायची, मग पुन्हा आठवडाभर थांबायचं. पहिले दोन आठवडे दिवसा फार झोप येते. त्या काळात वाहन, यंत्र, उंचावरचं काम जपून. फेफरं येणाऱ्यांनी आणि उन्माद-नैराश्याचे चढउतार असणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने अजिबात करू नये, झोप तोडल्याने त्यांचा आजार उसळू शकतो.

दुसरा गट म्हणजे नऊ-दहा तास झोपूनही थकलेलेच उठणारे. त्यांना "गरजच जास्त" असं म्हणून सोडून देऊ नका. जास्त झोप लागणारा निरोगी माणूस तेवढे तास मिळाले की ताजातवाना उठतो. तसं होत नसेल तर आधी घोरणं तपासा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं, रात्री लघवीला वारंवार उठणं: हे झोपेतल्या श्वासरोधाकडे बोट दाखवतं. तासाला पाच किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडला तर निदान होतं, ३० च्या वर तीव्र. अशा माणसाचे आठ तास हे आठ तास नसतातच, दर दोन-चार मिनिटांनी मेंदूला ढोसलं जातं. याशिवाय थायरॉइड मंदावणं, नैराश्य, ॲलर्जीवरची जुनी गुंगी आणणारी औषधं, काही मनोविकारांवरच्या गोळ्या. संध्याकाळी पाय वळवळतात, हलवले की बरं वाटतं अशी तक्रार असेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) बघा. ते ७५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा उपयोग होऊ शकतो, अर्थात डॉक्टरांना विचारून.

तात्पुरती गरज वाढते ती वेगळी. तापात, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, खेळाडूंच्या सरावाचा भार वाढल्यावर तास-दीड तास जास्त झोप लागली तर त्याचं औषध शोधू नका.

काळकाटा

वयाबद्दल थोडं राहिलं. किशोरवयात घड्याळ खरोखरच पुढे सरकतं आणि झोपेचा दाबही सावकाश चढायला लागतो. त्यामुळे १५ वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते. त्याला आळशी म्हणून उपयोग नाही. रात्रीचा पडद्याचा प्रखर उजेड कमी आणि उठल्या-उठल्या बाहेरचा उजेड, एवढंच हातात असतं. उजेडाची वेळ मात्र सांभाळा: शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-अडीच तास आधी सर्वांत खाली असतं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधी मिळालेला पलीकडे ढकलतो. सुट्टीत ११ ला उठणाऱ्या मुलाला अचानक पहाटे सहाला उन्हात उभं केलं तर परिणाम उलटाच व्हायचा.

म्हातारपणी "झोप कमी लागते" असं म्हणतात ते अर्धंच खरं. गाढ झोप कमी होते, जाग वाढते, घड्याळ अलीकडे सरकतं. गरज थोडीशीच घटते. जास्त घटते ती सलग झोपायची क्षमता.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न माझा. आठवडाभर सहा तास आणि रविवारी दहा, हिशेब बरोबर की नाही?

निद्रामापक

गरज साडेसात तासांची धरली तर सहा दिवस दीड तास कमी, म्हणजे नऊ तासांची तूट. रविवारी अडीच तास जास्त झोपलात. वजाबाकीच जमत नाही. तशी तासास तास भरपाई शरीर मागतही नाही. १९६४ साली रँडी गार्डनर हा मुलगा ११ दिवस जागा राहिला, त्यानंतर पहिल्यांदा झोपला तो साडेचौदा तासांच्या आसपास. गाढ झोप आधी भरून निघते, रेम नंतर. पण सावधानता इतक्या लवकर परत येत नाही. आठवडाभर झोप कापल्यावर तीन रात्री आठ-आठ तास देऊनही ती पूर्ववत झाली नव्हती, हेही मोजलेलं आहे.

रविवारी दहापर्यंत झोपण्यात दुसरा तोटा असा की सकाळचा उजेड हुकतो, दाब उशिरा चढायला लागतो, रविवारी रात्री १२ पर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवार परत पाच तासांवर. भरपाई करायचीच तर शनिवारी रात्री तास-पाऊण तास लवकर झोपा, सकाळी नेहमीपेक्षा तासाभराहून उशीर करू नका, उरलेलं दुपारी ३ च्या आत २० मिनिटांच्या डुलकीत घ्या. अर्धा-पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि पुढची वीस-तीस मिनिटं डोकं चालणार नाही, म्हणून एक तर २० मिनिटं, नाहीतर सरळ दीड तास.

रात्रपाळीवाल्यांना यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. दिवसा त्यांची झोप एक ते चार तासांनी आखूड होते, ती गरज कमी म्हणून नव्हे, घड्याळ उठवतं म्हणून. त्यांनी पाळीवरून घरी येताना गडद चष्मा लावावा, खोली काळी करावी, आणि कामाच्या तसंच सुट्टीच्या दिवशी चार तास तरी एकाच ठरलेल्या वेळेत पडतील अशी झोप आखावी. उरलेले तीन-चार तास पुढच्या पाळीआधी घेतले तरी चालतात.